अठराव्या शतकातली नोकरी

१४ सप्टेंबर १७६९ च्या 'व्हर्जिनिया गॅझेट'मध्ये एक जाहिरात आहे. सँडी नावाचा गुलाम पळालाय. वय पस्तीसच्या आसपास, बुटका, अंगानं भरलेला, वर्ण उजळ. धंदा जोडे शिवण्याचा, आणि काम मुख्यतः डाव्या हातानं करतो. जाडंभरडं सुतारकाम येतं, घोड्यावर मांड चांगली आहे. दारू फार पितो, प्यायला की उर्मटपणा करतो, तोंडात सतत शिव्या. जाताना एक पांढरा घोडा आणि आपली हत्यारं घेऊन गेलाय. त्याच परगण्यात सापडला तर ४० शिलिंग इनाम, वसाहतीत इतरत्र सापडला तर ४ पौंड, त्यापलीकडे १० पौंड.

जाहिरात देणारा सव्वीस वर्षांचा वकील आहे. नाव थॉमस जेफरसन. अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा त्याच्या हातून उतरायला अजून सात वर्षं आहेत.

मालकानं आपला 'माल' परत मिळावा म्हणून हे लिहिलं आणि नकळत एका माणसाचं शब्दचित्र काढून ठेवलं. असं चित्र हाती घेऊन, ते कधीही न वाचलेल्या माणसासमोर उन्हात उभं राहून बोलायचं, ही ज्यांची रोजची नोकरी आहे अशी माणसं विल्यम्सबर्गमध्ये भेटतात. 'पब्लिक हिस्टोरियन' हे या पेशाचं नाव १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या रॉबर्ट केली या प्राध्यापकानं रूढ केलं. धंदा मात्र नावापेक्षा जुना.

विल्यम्सबर्ग १६९९ ते १७८० व्हर्जिनियाची राजधानी होतं. राजधानी रिचमंडला गेली आणि गाव मागं पडलं, इतकं मागं की पाडून नवं बांधायलाही कुणाकडे पैसे नव्हते. ही गरिबीच पुढं त्याच्या कामी आली. ब्रूटन पॅरिश चर्चचे धर्मगुरू डब्ल्यू. ए. आर. गुडविन यांच्या डोक्यात गाव पुन्हा अठराव्या शतकासारखं उभं करायचं वेड शिरलं, आणि १९२६ मध्ये त्यांनी जॉन डी. रॉकफेलर ज्युनिअर यांना त्यात ओढलं. धनिकाचं नाव फुटलं तर जमिनीचे भाव चढतील, म्हणून पहिलं घर घ्यायची परवानगी तारेनं आली ती 'डेव्हिडचे वडील' अशा सहीनं. तारेत घराचा उल्लेखही नव्हता, एक 'जुनी वस्तू' घ्यावी असं होतं. आज ३०१ एकरांचा हा भाग 'कलोनियल विल्यम्सबर्ग' म्हणून ओळखला जातो. मधून ड्यूक ऑफ ग्लॉस्टर स्ट्रीट जातो, आणि त्यावर गुडघ्यापर्यंतच्या विजारी आणि घोळदार झगे घातलेले लोक कामावर चाललेले दिसतात.

या लोकांच्या पदाला 'इंटरप्रिटर' म्हणतात. शब्दकोशात त्याला दुभाषी असा अर्थ सापडेल, पण तो इथं कामाचा नाही. आपल्या कीर्तनातला निरूपणकार जास्त जवळचा. पद एकच, पण समोर कोण बसलंय हे पाहून निरूपण बदलायचं, पेंगणाऱ्याला जागं ठेवायचं आणि पदाशी इमानही सोडायचं नाही. फरक एवढाच, की कीर्तनाचा श्रोता बहुधा श्रद्धेनं आलेला असतो. इथला तिकीट काढून आलेला असतो, पोरांना घोडागाडी दाखवायची असते आणि जेवायची वेळ झालेली असते.

निरूपणाच्या दोन तऱ्हा आहेत. एकीत माणूस आजचाच राहतो: 'तेव्हा लोक असं करत.' दुसरीत तो त्या काळातला होऊन बसतो: 'आम्ही असं करतो.' दुसरी तऱ्हा दिसायला बहारदार, पण निभवायला अवघड. बिल बार्कर यांनी इथं पंचवीसेक वर्षं जेफरसन उभा केला. लोक काहीही विचारतात, त्यामुळे जेफरसनची पत्रं, हिशेबाच्या वह्या, द्राक्षांच्या बागा, सगळं तोंडावर असावं लागतं. आणि सँडीसुद्धा.

पण जेफरसन होऊन बोलणं आणि सँडी होऊन बोलणं या दोन वेगळ्या नोकऱ्या आहेत. अझी डंगी ही अभिनेत्री इथं नव्हे, पण याच राज्यात माउंट व्हर्नन या जॉर्ज वॉशिंग्टनच्या घरी, त्याच्या बायकोच्या गुलाम दासीची भूमिका करायची. तिला आलेल्या प्रश्नांवर तिनं २०१३ मध्ये 'आस्क अ स्लेव्ह' ही विनोदी मालिका इंटरनेटवर काढली. एवढ्या थोर माणसाकडे नोकरी कशी मिळाली, वर्तमानपत्रात जाहिरात पाहिलीस का, असंही तिला विचारलं गेलं होतं. जाहिरात होतीच की, सँडीची होती तशी! हसू येतं, पण विचारणारा निर्मळ मनानं विचारत असतो, आणि झगा घालून उभ्या असलेल्या बाईला त्याचा अपमान न करता, स्वतःचाही होऊ न देता, उत्तर द्यायचं असतं. वर्षभर, दिवसातून कितीतरी वेळा. विद्यापीठातल्या इतिहासकाराला ही परीक्षा कधी द्यावी लागत नाही.

अठराव्या शतकात या गावातले निम्म्याहून जास्त लोक काळे होते, आणि त्यातले जवळजवळ सगळे गुलाम. पहिली चाळीसहून जास्त वर्षं या दर्शनी गावात मात्र ते जवळजवळ अदृश्यच होते. काळ्या माणसांच्या आयुष्यावरचं निरूपण १९७९ मध्ये सुरू झालं, तेही मोजक्या कलाकारांवर. मग १० ऑक्टोबर १९९४ ला त्या विभागाच्या प्रमुख क्रिस्टी कोलमन यांनी भर रस्त्यात गुलामांच्या लिलावाचा प्रयोग लावला आणि एका गर्भवती गुलाम बाईची भूमिका स्वतः केली. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या संघटनाच निषेधाला आल्या: आमच्या दुःखाचा तमाशा कशाला? प्रयोग झाला. पाहून झाल्यावर निषेध करणाऱ्यांतल्या एका पुढाऱ्यानं मत बदललं. मला विचाराल तर दोन्ही बाजू बरोबर होत्या. 'कलोनियल विल्यम्सबर्ग' चालवणाऱ्या संस्थेनं पुन्हा लिलाव केला नाही, आणि तेही बहुधा बरोबरच होतं.

आता थोडं विटांकडे वळू, कारण बोलणाऱ्यांपेक्षा हातानं काम करणारे इथं जास्त खरं बोलतात असं मला वाटतं. वीटभट्टीवर उन्हाळ्यात माती पाण्यात कालवून पायानं तुडवतात, आणि येणाऱ्या पोरांनाही पायताणं काढून त्यात उतरवतात. लाकडी साच्याला आतून वाळू लावायची, मातीचा गोळा जोरानं आपटून भरायचा, वरचं जादा सपकन कापायचं, आणि ओली वीट वाळत घालायची. शरद ऋतूत हजारो विटा रचून त्याचीच भट्टी करतात आणि खालच्या बोगद्यांतून लाकूड घालून रात्रंदिवस जाळ ठेवतात. जाळाच्या अगदी तोंडाशी असलेल्या विटांवर राखेमुळं निळसर-करडी काचेसारखी झिलई चढते. व्हर्जिनियातल्या जुन्या भिंतींत लाल विटांमध्ये एकाआड एक चकाकणारी टोकं दिसतात ती हीच. एवढं कळल्यावर ती नक्षी पाहताना, तिच्या मागं रात्रभर लाकडं घालणारा कुणीतरी दिसू लागतो. शिंप्याचं, बंदुका करणाऱ्याचं, छापखान्याचं काम असंच चालतं. टोप्या-झगे विकणाऱ्या दुकानात हिंदुस्थानी छापील सुती कापड मांडलेलं असतं, आणि त्यांच्या 'चिंट्झ'मध्ये आपलं चीट ऐकू येतं.

आणखी एक ओळखीचं नाव इथं अवचित भेटतं. १७८१ च्या जून-जुलैत ब्रिटिश फौज घेऊन कॉर्नवॉलिस या गावात तळ देऊन होता. ऑक्टोबरात जवळच यॉर्कटाउनला तो शरण गेला, आणि दहा वर्षांनी टिपूवरच्या मोहिमेत हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन त्याच्या जोडीला होते.

आता थोडी तक्रार. हे गाव फार नीटनेटकं आहे. गव्हर्नरचा वाडा १७८१ च्या डिसेंबरात जळाला. आज दिसतो तो १९३४ चा. ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात सापडलेल्या एका तांब्याच्या पत्र्यावरचं चित्र, जेफरसननं काढलेला आराखडा आणि जमिनीतला पाया, या तिन्हींचा मेळ घालून तो उभा केला. कष्ट खरेच आहेत. पण १९३०च्या दशकातल्या वास्तुविशारदांना सममितीची हौस होती, आणि इथलं कॅपिटॉल, म्हणजे वसाहतीचं विधिमंडळ भवन, उभारताना पुराव्यापेक्षा ती हौस काही ठिकाणी वरचढ ठरली, हे पुढं संस्थेच्याच इतिहासकारांनी दाखवून दिलं. भिंतींचे मवाळ, फिकट रंग अमेरिकाभर 'विल्यम्सबर्ग रंग' म्हणून खपले. नंतर रंगाचे थर सूक्ष्मदर्शकाखाली घेतले तेव्हा जुने लोक बरेच भडक निघाले. अठरावं शतक परत आणायचं तर एकोणिसावं काढायला हवं, म्हणून नंतरच्या शेकडो इमारती पाडल्या गेल्या. त्यातल्या एका पाडापाडीचा हिशेब अजून चुकता होतोय.

नसाऊ स्ट्रीटवर फर्स्ट बाप्टिस्ट चर्च होतं. १७७६ मध्ये जमू लागलेल्या काळ्या लोकांची, गुलाम आणि मुक्त दोन्ही, ही मंडळी. गोवन पॅम्फ्लेट हा त्यांचा गुलाम असलेला उपदेशक. एकोणिसाव्या शतकात बांधलेली त्यांची इमारत संस्थेनं १९५०च्या दशकात विकत घेऊन पाडली, आणि त्या जागेवर पुढं वाहनतळ झाला. पाहुणे गाडी लावून इतिहास पाहायला जात.

सप्टेंबर २०२० मध्ये तिथलं डांबर निघालं. खाली सोळा बाय वीस फुटांचा विटांचा पाया लागला, आणि सापडलेल्या वस्तूंत १८१७ चं एक नाणं होतं. पुढं साठाहून अधिक कबरी. कुदळ कुठवर न्यायची हे एकट्या पुरातत्त्वज्ञांनी ठरवलं नाही. त्या मंडळीच्या वंशजांना विचारलं गेलं, आणि त्यांनी सांगितलं की तपासा. पुरातत्त्वज्ञ दोरीच्या अलीकडे उभ्या असलेल्या वाटसरूंशी बोलत खणत होते. तेही निरूपणच, फक्त पोशाख आजचा.

त्याच सुमारास शेजारच्या विल्यम अँड मेरी कॉलेजच्या आवारातलं एक साधं घर चर्चेत आलं. लाकडाच्या वाढवलयांवरून कळलं की ती झाडं १७५९-६० च्या सुमारास तोडली होती. म्हणजे हे ब्रे शाळेचं पहिलं घर; त्या शाळेत १७६० ते १७७४ अॅन वेगर ही बाई काळ्या मुलांना शिकवत होती. मुलं शेकड्यांनी शिकली. शाळा चालवणाऱ्यांचा हेतू त्यांना निमूट, धर्मभीरू गुलाम करण्याचा होता, पण वाचायला शिकलेला माणूस पुढं काय वाचील यावर कुणाचा ताबा असतो? फेब्रुवारी २०२३ मध्ये ते अख्खं घर चाकांवर चढवून ऐतिहासिक भागात आणलं. ते रस्त्यानं सावकाश सरकत असताना गाव दुतर्फा उभं होतं.

चर्चच्या आवारातल्या तीन सांगाड्यांची तपासणी झाली. डीएनएवरून कळलं की ते आफ्रिकन वंशाचे होते, आणि २०२३ मध्ये वंशजांना तसं सांगण्यात आलं. नावं हाडांतून निघत नाहीत. सँडीचं नाव आपल्याला कळतं, तो डावखुरा होता हेही कळतं, कारण मालकाला तो परत हवा होता. तो सापडलाही, आणि १७७३ मध्ये जेफरसननं त्याला शंभर पौंडांना विकून टाकलं.