दहा रुग्णांची झोप

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, कॅलामझूच्या मनोरुग्णालयात दहा रुग्णांवर झोपेच्या औषधांचा प्रयोग झाला. कुश्नी आणि पीबल्स यांनी त्याचे आकडे १९०५ साली प्रसिद्ध केले. एका औषधाने झोप सरासरी ०.७५ तास वाढली, दुसऱ्याने २.३३ तास. हा फरक खरा, की निव्वळ योगायोग?

समजा, हे वीस आकडे वेगवेगळ्या माणसांच्या दोन गटांचे मानले आणि दोन सरासरींमधला फरक तपासणारी टी-चाचणी लावली. पी-मूल्य येतं ०.०७९. म्हणजे दोन्ही औषधं सारख्याच गुणाची असती, तरी एवढा किंवा याहून मोठा फरक आठेक टक्के वेळा दिसला असता. संशोधनातली रूढ मर्यादा पाच टक्क्यांची. तेव्हा फरक सिद्ध होत नाही.

पण माणसं वीस नव्हती, दहाच होती! प्रत्येकाने दोन्ही औषधं घेतली होती. सातव्या रुग्णाची झोप पहिल्या औषधाने ३.७ तास वाढली, दुसऱ्याने ५.५ तास. पाचव्याची मात्र दोन्ही वेळा किंचित कमीच झाली. माणसामाणसांतली ही प्रचंड तफावत औषधांमधला फरक झाकून टाकते. प्रत्येकाच्या एका आकड्यातून दुसरा वजा केला की ती गळून पडते. उरतं ते असं : नऊ जणांना दुसऱ्या औषधाने जास्त झोप लागली, एकाला दोन्हींनी सारखीच. या जोड्यांवर टी-चाचणी लावली की पी-मूल्य ०.००३ च्या खाली जातं.

डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्मिती कारखान्यातल्या विल्यम गॉसेट यांनी १९०८ साली ‘स्टुडंट’ या टोपणनावाने लिहिलेल्या निबंधात हेच आकडे वापरले. टी-चाचणीचा पाया त्याच निबंधात आहे.

नवव्या रुग्णाच्या बाबतीत दोन औषधांमधला फरक तब्बल ४.६ तासांचा. असा एखादाच आकडा सरासरीला ओढून नेईल अशी शंका आधीपासूनच असेल, तर फरकांना लहानमोठेपणानुसार क्रमांक देणारी विल्कॉक्सन चाचणी आहे. इथे तीही पाच टक्क्यांच्या बरीच खाली उतरते. औषधं तीन असती आणि माणसं वेगवेगळी, तर दोन-दोनच्या तुलना करत बसण्याऐवजी आधी सगळ्या गटांची एकत्र तुलना करणारी ॲनोव्हा चाचणी. कारण प्रत्येक जादा तुलनेबरोबर फसगतीची शक्यता वाढते.

यांतली कोणती चाचणी लावायची हे ठरवायला निकालाचे आकडे लागत नाहीत. माणसं किती, कुणाला काय दिलं, किती वेळा मोजलं एवढं पुरतं. माझ्या मते आकडे हाती आल्यावर ‘कोणती चाचणी लावू?’ असं विचारायला जाणाऱ्या संशोधकाला फार उशीर झालेला असतो. ०.०७९ आणि ०.००३ दोन्ही दिसल्यानंतरची निवड निष्पक्ष राहणं अवघड, म्हणूनच नव्या औषधांच्या चाचण्यांत विश्लेषणाचा आराखडा निकाल उघडण्यापूर्वीच पक्का करतात.