निलंबन स्प्रिंग, मोटारगाडीची
मोटारगाडीचे वजन पेलणारी व रस्त्याचे धक्के झेलताना चाक रस्त्याला टेकलेले राहण्यास मदत करणारी पोलादी तारेची मळसूत्री स्प्रिंग. ही स्प्रिंग धक्काशोषकाभोवती एकाच अक्षावर बसविलेली असल्यास त्या जोडणीस ‘कॉइलओव्हर’ म्हणतात. तिच्या पुष्कळशा प्रकारांत स्प्रिंगेचे खालचे आसन आट्यांवरून वरखाली सरकविता येते. कुर्ला (मुंबई) येथे तयार झालेल्या प्रीमियर पद्मिनी गाडीत पुढे मळसूत्री स्प्रिंगा व मागे पाटे (कमानी) होते.

ताठरता : रॉबर्ट हूक यांनी १६७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नियमानुसार स्प्रिंगेचे आकुंचन भाराच्या सम प्रमाणात असते. एक मिमी. आकुंचनास लागणारा भार म्हणजे ताठरता. ती तारेच्या व्यासाच्या चतुर्थ घाताच्या सम प्रमाणात, तर वेटोळ्याच्या सरासरी व्यासाचा घन आणि क्रियाशील वेटोळ्यांची संख्या यांच्या व्यस्त प्रमाणात असते. उदा., १२ मिमी. जाडीची तार, ६३·५ मिमी. अंतर्व्यास आणि ६ क्रियाशील वेटोळी असलेल्या स्प्रिंगेची ताठरता सु. ८ किग्रॅ./मिमी. भरते. सरासरी व्यास तोच ठेवून तार १३ मिमी. केल्यास ती सु. ३८% वाढते. आसन फिरविल्याने मात्र गाडीची उंची बदलते; ताठरता तीच राहते.

मापे : स्प्रिंगेवर सामान्यतः अंतर्व्यास, मुक्त लांबी व ताठरता नोंदलेली असते. अंतर्व्यास आसनाशी जुळावा लागतो. वरील स्प्रिंगेत टोकांची दोन धरून ८ वेटोळी असल्यास ती पूर्ण दाबली असता ९६ मिमी. उरतात, म्हणजे २०० मिमी. मुक्त लांबीत आकुंचनास १०४ मिमी. वाव मिळतो. तिच्यावर ३०० किग्रॅ. भार आला, तर सु. ३७ मिमी. वाव संपतो व सु. ६७ मिमी. धक्क्यांसाठी राहतो.

निवड : ताठर स्प्रिंग नेहमीच चांगली, हा समज चुकीचा आहे. वरील भाराखाली ८ किग्रॅ./मिमी. ताठरतेची स्प्रिंग सेकंदास सु. २·६ आंदोलने करते. प्रवासी गाडीस साधारणतः १ ते १·५ आंदोलने सुखावह ठरतात. सेकंदास १·४ आंदोलनांसाठी सु. २·४ किग्रॅ./मिमी. ताठरता पुरते, पण अशी स्प्रिंग केवळ वजनानेच सु. १२५ मिमी. दबत असल्याने ती बरीच लांब असावी लागते. म्हणून ताठरता व लांबी यांचा विचार एकत्रच करावा लागतो. शिवाय स्प्रिंग चाकापासून आत, तरफेवर बसविलेली असल्यास चाकाशी जाणवणारी ताठरता तरफ-गुणोत्तराच्या वर्गाने घटते. ०·७ गुणोत्तरास ती जवळजवळ निम्मी होते.

रत्नागिरीहून साखरप्यावरून आंबा घाटाने कोल्हापूरकडे जाणाऱ्या रस्त्याचे उदाहरण यासाठी बोलके आहे. पावसाळ्यात ओल्या वळणावर अतिताठर स्प्रिंगेमुळे चाक खड्ड्यावरून उसळते. त्या क्षणी टायरची रस्त्यावरील पकड सुटते आणि ब्रेक व सुकाणू निष्प्रभ होतात. उलट हंगामात आंब्याच्या पेट्यांनी भरलेल्या गाडीची स्प्रिंग फार मऊ वा आखूड असल्यास तिचा वाव संपून धक्का थेट सांगाड्यास बसतो. स्प्रिंग बदलल्यास धक्काशोषकही तिला अनुरूप घ्यावा लागतो. अन्यथा आंदोलने लवकर शमत नाहीत.

किनारी प्रदेशातील खाऱ्या हवेमुळे रंग उडालेल्या जागी तारेवर गंज चढतो. तेथून सूक्ष्म तडे जाऊन पुनःपुन्हा येणाऱ्या भाराने स्प्रिंग अचानक तुटू शकते. म्हणून पावसाळ्यानंतर खालची वेटोळी धुऊन तपासणे व तुटलेली स्प्रिंग जोडीने बदलणे इष्ट ठरते.