कवींचा वारसा आणि त्याचे राखणदार

कवी अमर असतो, असे आपण सहज बोलून जातो. सत्काराच्या सभेत, पुण्यतिथीच्या भाषणात हे वाक्य इतक्या वेळा कानांवर पडते की त्याचा अर्थ काय, हे कोणी विचारीतच नाही. वास्तविक कवी हा तुमच्याआमच्यासारखाच मर्त्य मनुष्य होय. त्याची कविता तरी त्याच्या मागे आपोआप उरते काय? कागदाला वाळवी लागते, बिऱ्हाड हलविताना बाडे रद्दीत जातात, आणि तोंडपाठ म्हणणारी माणसे एकामागून एक निघून जातात. कवितेला जगवावे लागते, आणि जगविणारा हात बहुधा कवीचा नसून दुसऱ्याच कोणाचा तरी असतो. प्रस्तुत लेखात कवीइतकाच या दुसऱ्या हाताचा विचार करावयाचा आहे. त्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. आपला नगर जिल्हा, ज्याचे नाव सन २०२४ पासून अहिल्यानगर झाले आहे, या बाबतीत चांगला संपन्न आहे.

प्रारंभ अर्थातच नेवाशापासून. प्रवरेच्या काठी ज्या खांबाला टेकून ज्ञानदेवांनी गीतेवरील टीका सांगितली असे परंपरा मानते, तो पैस खांब आजही तेथे आहे. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये पूर्ण झाली. ज्ञानदेवांनी ती सांगितली. पण लिहून कोणी घेतली? सच्चिदानंदबाबांनी. ग्रंथाच्या अखेरीस या लेखकाचा आदराने उल्लेख आला आहे. सच्चिदानंदबाबांना ज्ञानदेवांनी मृत्यूच्या दारातून परत आणिले, अशी आख्यायिका आहे. तिचा ऐतिहासिक खरेपणा बाजूला ठेवला, तरी तिच्यातील मर्म ध्यानात घेण्यासारखे आहे. कवीने लेखकाला जीवदान दिले आणि लेखकाने कवीच्या वाणीला! पुढे सुमारे तीनशे वर्षांत नकला करणाऱ्यांच्या हातून पाठ बिघडत गेला. तेव्हा पैठणच्या एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, तो शुद्ध केला. म्हणजे एका ग्रंथाला सांगणारा, लिहिणारा आणि शोधून शुद्ध करणारा, असे तीन पुरुष लागले. आज आपण जी ज्ञानेश्वरी उघडतो, तिच्यात या तिघांचेही श्रम आहेत.

नेवाशाहून राहुरी तालुक्यातील ताहाराबादेस यावे. येथे महीपती झाले. त्यांचा काळ इ. स. १७१५ ते १७९०. घराण्यात गावचे कुळकर्ण होते. एकदा पूजेत असताना सरकारी कामाचे बोलावणे आले, त्यावेळी जावे लागल्याने मन विटले, आणि यापुढे ही लेखणी दरबारी कामास लावावयाची नाही असा त्यांनी निश्चय केला, असे परंपरेने सांगतात. ती लेखणी त्यांनी लावली संतांच्या चरित्रांस. 'भक्तविजय' शके १६८४ मध्ये झाला. त्याचे ५७ अध्याय आहेत. 'भक्तलीलामृत' शके १६९६ मधले. त्याचे ५१ अध्याय. तुकोबांच्या निर्वाणानंतर सुमारे पासष्ट वर्षांनी जन्मलेल्या या माणसाने 'भक्तलीलामृता'चे पंचविसाव्यापासून चाळिसाव्यापर्यंतचे अध्याय तुकोबांस दिले. आज खेड्यातल्या निरक्षर म्हातारीलाही तुकोबांचे जे चरित्र ठाऊक असते, ते बहुतांशी महीपतींचे असते, हे पुष्कळांच्या लक्षातही येत नाही.

महीपतींवर आक्षेप असा घेतात की त्यांनी चमत्कार फार सांगितले. आक्षेप खोटा नाही. इतिहासकाराने महीपतींचा प्रत्येक शब्द प्रमाण मानू नये, हेही खरेच. परंतु या ग्रंथकाराने एक गोष्ट अशी केली आहे की ती आजच्या लेखकांनाही शिकण्यासारखी आहे. आपल्या आधी नाभाजी आणि उद्धवचिद्घन यांनी संतचरित्रे लिहिली, त्यांच्या आधाराने मी सांगतो, असे ते स्वच्छ सांगतात. राखणदाराचे पहिले कर्तव्य हेच की आपल्याला ठेव कोणाकडून मिळाली ते लपवू नये. दुसरे असे की महीपतींची दृष्टी एका जातीपुरती किंवा एका पंथापुरती नव्हती. याच जिल्ह्यातील श्रीगोंद्याचे शेख महंमद हे जन्माने मुसलमान, चांद बोधल्यांचे शिष्य, आणि 'योगसंग्राम' या मराठी ग्रंथाचे कर्ते. महीपतींनी संतांच्या मेळ्यात त्यांनाही मानाने बसविले. श्रीगोंद्यास शेख महंमदांच्या समाधीपुढे हिंदू आणि मुसलमान दोघेही नमतात.

संतकवींना भक्तांचा आधार असतो. मठ असतो, दिंडी असते, पारायण असते. शाहिराचे काय? संगमनेरचे अनंत फंदी (१७४४–१८१९) हे पेशवाईच्या उत्तरार्धातले नामांकित शाहीर. फटका हा रचनाप्रकार त्यांच्याच नावाशी जोडला जातो. चौंडीच्या कन्या अहिल्याबाई होळकर यांनी कानउघाडणी केल्यावरून फंदींनी तमाशाचा डफ सोडून कीर्तन धरिले, अशी कथा प्रसिद्ध आहे. शाहिरी कवन हे ऐकण्यासाठी असते. ते गोंधळ्यांच्या आणि शाहिरांच्या गळ्यात राहते, आणि त्यांचा धंदा बसला की त्यांच्याबरोबरच नाहीसे होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही वेळ येऊन ठेपली होती. त्या सुमारास हॅरी आर्बुथनॉट अ‍ॅक्वर्थ हे इंग्रज अधिकारी आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी पोवाडे मिळवून १८९१ मध्ये त्यांचा संग्रह छापला. पुढे शाळिग्रामांनी अनंत फंदींच्या कवितांकडेही लक्ष पुरविले. जी कवने त्यांच्या कानी पडण्यापूर्वीच विरून गेली, त्यांची गणती कोण करणार?

आता आधुनिक काळाकडे वळू. नगर शहराच्या वाङ्मयीन इतिहासात रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे घर हे मोठेच ठिकाण होय. टिळकांचा जन्म १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातला. १८९५ मध्ये त्यांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला आणि पुढे नगर ही त्यांची कर्मभूमी झाली. 'फुलांमुलांचे कवी' म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. मराठी ख्रिस्ती मंडळींच्या उपासनेत आजही त्यांची भजने म्हटली जातात. ज्ञानोबा-तुकोबांच्या अभंगाचे वळण त्यांनी ख्रिस्तभक्तीला दिले, हे त्यांचे विशेष कार्य. 'ख्रिस्तायन' हे ख्रिस्तचरित्रपर महाकाव्य त्यांनी आरंभिले. परंतु थोडे अध्याय झाले तोच १९१९ मध्ये त्यांचे देहावसान झाले.

ते काव्य पुरे करण्याचा भार उचलला लक्ष्मीबाईंनी. या बाई कधी शाळेत गेलेल्या नव्हत्या. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर पतीकडून. पतीच्या धर्मांतराच्या वेळी त्यांनी जे भोगिले, त्याची कल्पना आज करवत नाही. साडेचार-पाच वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या नगरास पतीकडे आल्या आणि १९०० मध्ये स्वतःच्या विचाराने ख्रिस्ती झाल्या. पतीने सोडलेल्या ठिकाणापासून त्यांनी 'ख्रिस्तायन' पुढे नेले आणि साठांहून अधिक अध्याय रचिले. एवढ्यावरच त्या थांबल्या नाहीत. १९३४ पासून त्यांची 'स्मृतिचित्रे' भागशः प्रसिद्ध होऊ लागली. १९३६ मध्ये त्या निवर्तल्या, तेव्हा शेवटचा भाग अपुरा राहिला होता. तो चिरंजीव देवदत्त टिळकांनी पुरा केला. पतीची आठवण राखण्यासाठी लिहू लागलेली ही बाई त्या ओघात मराठी गद्यातील एक श्रेष्ठ ग्रंथ लिहून गेली. टिळकांची कविता न वाचलेले पुष्कळ लोक आज टिळकांना ओळखतात, ते या पुस्तकामुळे. त्यात टिळक देव नाहीत. ते उदार आहेत, विसराळू आहेत, तापट आहेत आणि प्रेमळही आहेत. राखणदाराने सत्य सांगितले म्हणजे कवी लहान होत नाही, उलट तो आपल्या घरातला होतो, हे या ग्रंथाने सिद्ध केले.

याच घरात बालकवींना आसरा मिळाला. त्र्यंबक बापूजी ठोमरे हे खानदेशातील धरणगावचे, जन्म १८९०. १९०७ मध्ये जळगावच्या कविसंमेलनात त्यांना 'बालकवी' हे नाव मिळाले. टिळक दांपत्याने त्यांना पोटच्या मुलासारखे वागविले, आणि 'स्मृतिचित्रां'त ठोमऱ्यांचे खोडकर, हळवे रूप आपणांस भेटते. ५ मे १९१८ रोजी जळगावजवळच्या भादली स्टेशनात रेल्वेखाली सापडून ते गेले. वय अवघे सत्तावीस. संग्रह निघाले ते मृत्यूनंतर. त्यांच्याही आधी नगरात जन्मलेले कवी दत्त, म्हणजे दत्तात्रेय कोंडो घाटे, १८९९ मध्ये तेविसाव्या वर्षीच निवर्तले होते. मुलगा विठ्ठल त्यावेळी चार वर्षांचा. त्या मुलाने मोठेपणी, १९२२ मध्ये, 'दत्तांची कविता' प्रसिद्ध केली. बापाचा चेहरा ज्याला नीटसा आठवतही नसेल, त्या मुलाला बाप भेटला तो त्याच्या कवितेत. हाच मुलगा पुढे वि. द. घाटे म्हणून महाराष्ट्राला परिचित झाला.

हे आपल्याकडेच घडते असे नाही. दक्षिण अमेरिकेत एक्वादोर नावाचा लहानसा देश आहे. तेथे विसाव्या शतकाच्या आरंभीच्या चार तरुण कवींना पुढल्या लोकांनी 'शिरच्छेद झालेली पिढी' असे नाव दिले, कारण चौघेही अकाली गेले. त्यांतील मेदार्दो आन्हेल सिल्व्हा हा बालकवींच्या मागून वर्षभराने, १९१९ मध्ये, एकविसाव्या वर्षी गेला. आर्तुरो बोर्हा तर १९१२ मध्येच, विशीत गेला होता. बोर्हाच्या कवितांचे पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी निघाले. सिल्व्हाच्या एका कवितेस चाल लागली, हुलिओ हारामिल्यो या लोकप्रिय गायकाने ती गायिली, आणि ज्यांनी कधी काव्यसंग्रह उघडला नाही अशा लोकांच्या ओठी ती जाऊन बसली. सात समुद्रांपलीकडेही नियम तोच. कवी गेल्यावर कोणी छापणारा हवा, कोणी गाणारा हवा.

येथवर ज्यांना राखणदार लाभले त्यांचाच विचार झाला. ज्यांना तो लाभला नाही त्यांचे काय? पहाटे जात्यावर बसून ओव्या रचणाऱ्या बायांची नावे कोणत्याही पोथीत नाहीत. पिठाची गिरणी गावात आली आणि जाते थांबले. जाते थांबले तशी ओवी थांबली. हेमा राईरकर आणि गी पॉयटेव्हिन यांनी महाराष्ट्रातील खेड्याखेड्यांतून लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, म्हणून एवढा तरी ठेवा हाती लागला. एका लक्ष्मीबाईंचे लिहिणे छापले गेले. शेजारच्या आळीतली तितकीच तोलामोलाची एखादी बाई तशीच गेली असेल.

म्हणून वाचकांस विनंती एवढीच की कवीचा पुतळा उभारण्यापूर्वी त्याचे बाड शोधावे. घरात आजोबांची वही असेल, कोणा आत्याबाईस जुन्या ओव्या, भजने, फटके येत असतील, तर ते उतरवून घ्यावे. कोणी सांगितले, कोठे आणि केव्हा सांगितले, हे महीपतींप्रमाणे नमूद करावे. आवडले नाही म्हणून गाळू नये, आणि शोभावे म्हणून पदरचे घालू नये. एक प्रत ग्रंथालयात द्यावी. १८३८ साली स्थापन झालेले जिल्हा वाचनालय आपल्या नगरातच आहे. या कामाला काव्यप्रतिभा लागत नाही. चिकाटी लागते, आणि दुसऱ्याच्या शब्दाविषयी आदर लागतो. या दोन गोष्टी सच्चिदानंदबाबांपाशी होत्या, लक्ष्मीबाईंपाशी होत्या, आणि आपल्यापाशीही असण्यास काही हरकत नाही.