मोठ्या पेरूला ताण, लहान कलमाला पाणी

राजुरीहून बेल्ह्याकडे आणि पुढे आण्याच्या पठाराकडे निघालात की जुन्नर तालुक्याचे दुसरे रूप दिसते. पश्चिमेला नाणेघाटाकडे पावसाची झड लागते, तर इकडे पूर्वेला त्याच पावसाची वाट पाहावी लागते. पिंपळगाव जोगे धरणाचा डावा कालवा या भागातून जातो खरा. पण कालव्याच्या वर राहिलेल्या हलक्या, मुरमाड रानाचे काय? उन्हाळा लागला की तिथली विहीर तळ गाठते. अशा रानात कोणते फळझाड लावावे, असे विचाराल तर पेरूचा विचार आधी करा.

पेरू काटक आहे. ४५ अंशांपर्यंतचे ऊन मोठे झाड सोसते. हलक्या ते मध्यम जमिनीत, निचरा चांगला असेल तर ते येते. मात्र चोपण किंवा पाणी साचणारे रान टाळा, तिथे मर रोग लागतो. लागवडीआधी माती तपासून घ्या. सामू साडेसातच्या वर असेल तर जपूनच.

जात कोणती घ्यावी? आपल्याकडचा सरदार, म्हणजेच लखनौ-४९, हा पेरू पुणे जिल्ह्यातलाच. १९२७ च्या सुमारास डॉ. चीमा यांनी पुण्याच्या गणेशखिंड फळसंशोधन केंद्रावर तो निवडला. बुटके, पसरणारे झाड आणि मऊ बियांचे गोड फळ ही त्याची खूण. अलीकडे मोठ्या फळांच्या जाती दाट लावल्या जातात. पण त्यांना बारमाही ठिबक लागते. पाण्याची खात्री नसेल तर त्या वाटेला जाऊ नका. रोपे बियांची न घेता परवानाधारक रोपवाटिकेतून कलमे घ्या आणि पावती सांभाळून ठेवा.

पहिले दोन उन्हाळे

शेतकरी बंधूंनो, ‘पेरू काय, कसाबी येतो’ असे म्हणून कलम लावून सोडून देतात, आणि मे महिन्यात खड्ड्यात नुसती काडी उरते. काटक असते ते मोठे झाड. कलमाच्या मुळ्या वरच्या थरात असतात, आणि तो थरच आधी तापतो.

एप्रिल-मेमध्ये ६ बाय ६ मीटरवर दोन फूट लांब-रुंद-खोल खड्डे घेऊन उन्हात तापू द्या. प्रत्येक खड्ड्यात दोन घमेली कुजलेले शेणखत, एक किलो सुपर फॉस्फेट आणि पोयटा माती भरा. कलमे जून-जुलैतच लावा. ऑगस्टच्या शेवटी लावलेल्या कलमाला मुळी धरायला पाऊसच मिळत नाही.

एकरात १११ कलमे बसतात. उन्हाळ्यात प्रत्येकाला आठवड्यातून दोनदा दहा-दहा लिटर पाणी धरले, तर आठवड्याला सव्वादोन हजार लिटर लागते. पाच हजार लिटरच्या एका टँकरवर दोन आठवडे निघतात. बुंध्यापासून फूटभर अंतरावर, तळाला भोक पाडून वात घातलेले मडके पुरा, म्हणजे पाणी थेट मुळाशी झिरपते. आळ्यात उसाचे पाचट अंथरा, पण बुंध्याला टेकवू नका आणि वाळवीवर लक्ष ठेवा. दक्षिण-पश्चिम अंगाला तुऱ्हाट्यांचा आडोसा करा. पहिली दोन वर्षे फुले खुडून टाका.

ताण कसा द्यावा?

झाड तीन-चार वर्षांचे झाले की गणित उलटे होते. आता उन्हाळ्यातली पाणीटंचाईच उपयोगी पडते. आंबे बहाराची फळे ऐन पावसाळ्यात येतात, पाणचट लागतात आणि फळमाशीला बळी पडतात. त्यापेक्षा मृग बहार धरा. फुले जून-जुलैत, फळे नोव्हेंबरपासून थंडीत, गोडी चांगली आणि पाणी बरेचसे पावसाचे.

त्यासाठी मार्च-एप्रिलपासून पाणी तोडा. पाने पिवळी पडून गळू लागली की ताण बसला असे समजा. हलक्या रानात तो लवकर बसतो, भारी रानात वेळ लागतो. शेंडेच वाळू लागले तर मात्र हलके पाणी देऊन झाड वाचवा. मेअखेर बाग चाळून आळी बांधा, वाळक्या फांद्या काढा व शेंड्यांची हलकी छाटणी करा. पेरूला फूल नव्या फुटीवरच येते. पूर्ण वाढलेल्या झाडाला शेणखताबरोबर एक किलो युरिया, दोन किलो सुपर फॉस्फेट आणि अर्धा किलो पोटॅश द्या. आणखी एक किलो युरिया फळे धरल्यावर द्या.

इथे दोन चुका होतात. कालव्याचे आवर्तन आले म्हणून एप्रिलात पाणी सोडले की ताण मोडतो, बहार मागे-पुढे फुटतो आणि तोडा एकसारखा मिळत नाही. दुसरी चूक म्हणजे पाऊस पडणारच म्हणून विहीर पुरती उपसून बसणे. एक वळीव होऊन पाऊस लांबला तर फुटलेली कळी गळते. म्हणून आंबवणी-चिंबवणीपुरते दोन पाण्याचे पाणी राखून ठेवा. पडलेली, किडकी फळे रोज वेचून खोल पुरा आणि फळमाशीसाठी बागेत सापळे लावा.

सरपंच आणि ग्रामसेवकांसाठी

१९९० साली रोजगार हमीतून फळबाग लागवड सुरू झाली आणि कोरडवाहू शिवारात झाडे उभी राहिली. २०१८ मध्ये भाऊसाहेब फुंडकर फळबाग योजना आली. तिच्यात अनुदान तीन वर्षांत मिळण्यासाठी पहिल्या वर्षी ८० टक्के व दुसऱ्या वर्षी ९० टक्के झाडे जिवंत राहण्याची अट घातली गेली. ही अट शेतकऱ्याला लागवडीच्या दिवशीच समजावून सांगा. मंजुरीचे कागद मेआधी हातात पडले तरच खड्डे वेळेवर निघतील.

आणि गावात किती झाडे लावली हे जुलैत मोजू नका. मे महिन्यात शिवारफेरी काढा आणि किती जगली ते मोजा. खरा हिशेब तोच.