घरपट्टी वाढवायची की नाही? हात वर करा!

पुण्याहून लोणावळ्याच्या लोकलमध्ये बसलात की वाटेत तळेगाव दाभाडे लागतं. तिथून थोड्याच अंतरावर मावळातलं एक गाव आहे. त्याचं नाव मोठं झोकदार आहे, नवलाख उंबरे! उंबरा म्हणजे घराचा उंबरठा. जुनी माणसं गाव उंबऱ्यांवर मोजायची. ‘आमचं गाव शंभर उंबऱ्यांचं’ म्हणजे शंभर घरांचं. या हिशेबानं इथं नऊ लाख घरं हवीत! तेवढी काही नाहीत. पण आज आपल्याला बोलायचंय ते उंबऱ्यामागे बसणाऱ्या एका गोष्टीबद्दलच. ती म्हणजे घरपट्टी.

‘छे! घरपट्टी हा काय मुलांचा विषय झाला?’ असं म्हणून पान उलटू नका. शाळेतून येताना वाटेवरचा दिवा लागतो की नाही, गटार तुंबतं की वाहतं, नळाला पाणी किती वाजता येतं, हे सगळं या पट्टीशी बांधलेलं आहे.

सभा भरली आहे

चला, एका ग्रामसभेत जाऊन बसू. ही सभा आपण कल्पनेनं भरवली आहे, पण तिच्यातला वाद अगदी खरा आहे. गाव नवलाख उंब्र्यासारखंच, एका बाजूला भातखाचरं आणि दुसऱ्या बाजूला एमआयडीसी. प्रश्न एकच : नवं गटार आणि रस्त्यावरचे दिवे यांसाठी घरपट्टी वाढवायची का?

एक काका उठतात. ‘‘वाढवा की! गाव वाढलं, खोल्या वाढल्या, कचरा वाढला. मग पैसा कुठून येणार?’’

मागून एक आजी म्हणतात, ‘‘अरं बाबा, माझं घर मोठं हाय, पण ते सासऱ्यानं बांधलेलं. हातात पैसा कुठाय? घर बघून पट्टी लावता, चूल बघून लावा की!’’

एक जण विचारतो, ‘‘कंपन्या एवढ्या आल्या. त्यांच्याकडून घ्या. आमच्यावर कशाला?’’

कोपऱ्यात उभा असलेला कामगार हळूच म्हणतो, ‘‘मी भाड्यानं राहतो. पट्टी मालकाला वाढली की भाडं मला वाढतं. पण माझ्या खोलीसमोर दिवा मात्र नाही.’’

आणि शेवटी एक ताई सर्वांना गप्प करतात. ‘‘मागच्या वर्षीचे पैसे कशावर खर्च झाले, ते आधी वाचून दाखवा. मग वाढीचं बोलू.’’

सांगा बरं, यातलं कोण चुकलं? गंमत अशी की, प्रत्येकाच्या बोलण्यात काहीतरी खरं आहे!

हिशेब करून पाहू

वही-पेन्सिल घ्या. समजा, गावात १,००० घरं आहेत आणि प्रत्येकाला ५०० रुपये पट्टी आहे. म्हणजे ५ लाख रुपये जमायला हवेत. पण भरतात फक्त ६०० घरं. जमले किती? ३ लाख.

आता पट्टी ६०० रुपये केली. भरणारी घरं तीच ६००. जमले ३ लाख ६० हजार. म्हणजे ६० हजार वाढले, पण ते कोणाच्या खिशातून? जे आधीपासून नेमानं भरत होते, त्यांच्याच!

उलट दर तोच ठेवला आणि उरलेल्या ४०० घरांनी पट्टी भरली, तर २ लाख वाढतात. तेव्हा ‘वाढवा’ किंवा ‘वाढवू नका’ म्हणण्याआधी एक प्रश्न विचारायचा : ‘थकबाकी किती?’

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या पाटोदा गावानं यावर नामी युक्ती काढली. भास्करराव पेरे पाटील सरपंच असताना, जो सगळा कर भरेल त्याला वर्षभर दळण फुकट! पावती दाखवा आणि पीठ न्या. लोकांना पट्टीचा उपयोग रोजच्या भाकरीत दिसला.

वर्गणी का नको?

तुम्ही म्हणाल, गणपतीला वर्गणी काढतो तशी दिव्यांना काढावी. मावळाला हा अनुभव आहे. अंताजी दामोदर काळे यांनी ‘पैसा फंडा’ची कल्पना काढली. प्रत्येकानं वर्षाला एक पैसा द्यायचा! लोकमान्य टिळकांनी तिला पाठबळ दिलं आणि त्या पैशांतून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. केवढी मोठी गोष्ट!

पण कारखाना उभा करणं वेगळं आणि दिवा रोज रात्री लावणं वेगळं. वर्गणी मनात आलं तर देतात. दिव्याचा उजेड मात्र न देणाऱ्यालाही मिळतो. मग हळूहळू सगळेच म्हणू लागतात, ‘तो देत नाही, तर मी का देऊ?’ म्हणून पट्टी कायद्यानं बसवावी लागते.

कारखाने आहेत ना!

कारखान्यांच्या इमारतींवरही कर बसतो. ग्रामपंचायतींच्या कायद्यात कारखान्यांकडून करांऐवजी ठोक रक्कम घेण्याची सोयसुद्धा आहे. पण सगळी भिस्त त्यांच्यावर ठेवता येत नाही. नवलाख उंब्र्याच्या हद्दीत जनरल मोटर्सचा मोटारींचा कारखाना २००८ साली सुरू झाला आणि डिसेंबर २०२० मध्ये तिथलं उत्पादन थांबलं. पुढं २०२३ साली तो विकत घेण्याचा करार ह्युंदाईनं केला. कारखाने येतात-जातात. दिव्याचं बिल मात्र दर महिन्याला येतं!

ठरवतं कोण?

अमेरिकेत काही ठिकाणी कराचा प्रश्न सरळ मतपेटीत टाकतात. १९७८ साली कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी घर-जमिनीवरचा कर किमतीच्या एक टक्क्यापर्यंत बांधून टाकला. जुन्या घरमालकांना हायसं वाटलं, पण गावा-शहरांचं या करातून मिळणारं उत्पन्न निम्म्याहून खाली आलं आणि त्यांना राज्याच्या तोंडाकडं पाहावं लागलं.

आपल्याकडं तसं मतदान होत नाही. कराचे कमीत कमी आणि जास्तीत जास्त दर सरकार ठरवतं. त्या मर्यादेत पंचायत ठराव करते, लोकांच्या हरकती मागवते आणि मग दर पक्का होतो. म्हणून ग्रामसभा महत्त्वाची. मतदारयादीत ज्यांचं नाव, ते सगळे तिचे सभासद. सभेला एकूण मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० जण, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी माणसं हवीत. नाहीतर गणपूर्ती होत नाही. आणि पट्टी थकवणाऱ्या पंचायत सदस्याचं सदस्यत्वसुद्धा जाऊ शकतं, बरं का!

तुम्हाला अजून मत नाही. पण कान आहेत, आणि प्रश्न विचारणारं तोंडही आहे! एकट्यानं विचारलेला प्रश्नही वाया जात नाही. १८८० साली व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्याला येणार होते. त्यांच्या स्वागतावर नगरपालिकेनं हजार रुपये खर्चायचं ठरवलं. महात्मा जोतीराव फुले तेव्हा सभासद होते. ते म्हणाले, हा पैसा गरिबांच्या शिक्षणाला लावा. मतं घेतली तेव्हा विरोधात एकटे जोतीराव! ठराव त्यांनी गमावला. पण कराच्या पैशाचा जाब कसा विचारायचा, ते आपल्याला आजही त्यांच्याकडून शिकता येतं.

हे करून पाहा

या रविवारी घरातली घरपट्टीची पावती मागून घ्या. त्यावर घरपट्टी, दिवाबत्ती कर, आरोग्य कर, पाणीपट्टी असे वेगवेगळे रकाने असतील. आईबाबांच्या मदतीनं ते वाचा. मग संध्याकाळी आपल्या आळीतले दिवे मोजा. लागलेले किती, बंद किती? दोन्ही आकडे एका कागदावर मांडा आणि पुढच्या ग्रामसभेला जाताना तो कागद आईबाबांच्या हाती द्या. शहरात राहत असाल तर तो तुमच्या नगरसेवकांना दाखवा.

आणि हो, आईबाबांना एक प्रश्न नक्की विचारा, ‘‘आपली पट्टी भरलीय ना?’’