शिकवणाऱ्याचाच अभ्यास पक्का

भीमेच्या एका बाजूला शिरूर, दुसऱ्या बाजूला दौंड. शिरूरचं चांदमल ताराचंद बोरा महाविद्यालय असो की दौंडचं कटारिया महाविद्यालय, आसपासच्या गावांतून येणारी कितीतरी मुलं घरातली पहिलीच पदवीधर होणार असतात. अडलं तर घरी विचारायला कुणी नसतं. मग वरच्या वर्गातल्या दादाला किंवा ताईला गाठायचं. यात धाकट्याचा फायदा उघड आहे. पण समजावणाऱ्या ताईच्या पदरात काय पडतं?

समजा, तिसऱ्या वर्षाची ताई पहिल्या वर्षाच्या मुलाला रसायनशास्त्रातला ‘मोल’ सांगते आहे. “एक मोल म्हणजे 6.022 गुणिले 10 चा 23 वा घात इतके कण.” मुलगा विचारतो, “ताई, पण एवढे कण मोजायचे कसे?” ताई थबकते. परीक्षेत हा प्रश्न कधी आलाच नव्हता. जरा विचार करून ती म्हणते, “दुकानदार साखरेचे दाणे मोजतो का? वजन करतो ना? तसंच. 342 ग्रॅम साखर आणि 18 ग्रॅम पाणी घे, दोन्हींत रेणू तेवढेच. साखरेचा रेणू पाण्याच्या रेणूपेक्षा 19 पट जड, म्हणून वजनही 19 पट.” ऊसपट्ट्यातल्या मुलाला मोल समजला. आणि तीन वर्षं नुसत्या सूत्रात वापरलेला मोल ताईलाही त्या दिवशी खरा उमगला.

असं का होतं, याचा शास्त्रज्ञांनी कसून शोध घेतला आहे. अमेरिकेत जॉन नेस्टोइको आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. एकच उतारा काही विद्यार्थ्यांना ‘यावर परीक्षा आहे’ असं सांगून दिला, तर काहींना ‘हा दुसऱ्याला शिकवायचा आहे’ असं सांगून. प्रत्यक्षात परीक्षा सगळ्यांचीच झाली. शिकवायच्या तयारीने वाचणाऱ्यांना जास्त आठवलं आणि त्यांची मांडणीही अधिक सुसंगत होती. शिकवायचं म्हटलं की मन आधी मुख्य मुद्दे शोधतं, मग त्यांचा क्रम लावतं.

सिंगापूरमधल्या 2018 च्या प्रयोगाने पुढचा धागा सोडवला. विद्यार्थी ध्वनिलहरी आणि डॉप्लर परिणाम शिकले. त्यानंतर काहींनी टिपणाशिवाय तो धडा शिकवला, काहींनी तयार संहिता वाचून शिकवला, तर काहींनी न शिकवता फक्त आठवून लिहिला. आठवड्याने घेतलेल्या चाचणीत टिपणाशिवाय शिकवणारे आणि आठवून लिहिणारे पुढे राहिले. संहिता वाचणाऱ्यांना तो लाभ मिळाला नाही. म्हणजे शिकवण्यातलं बरंचसं बळ आठवण्यात आहे. स्मृतीतून एखादी गोष्ट स्वतः बाहेर काढली की ती अधिक घट्ट रुजते.

मात्र शिकवणारा प्रत्येक जण शिकतोच असं नाही. रॉड रॉस्को आणि मिशेलीन ची या संशोधकांनी 2007 मध्ये अशा अनेक अभ्यासांचा आढावा घेतला. बरेच विद्यार्थी-शिक्षक ठाऊक असलेलंच पुन्हा सांगत राहतात, असं त्यांना आढळलं. सांगताना स्वतःची समज तपासली आणि नवे दुवे जोडले, तरच ज्ञान वाढतं. आणि तसं करायला भाग पाडतो तो बहुधा समोरच्याचा खोलात जाणारा प्रश्न.

कल्पना तशी जुनीच आहे. अँड्र्यू बेल यांनी मद्रासच्या अनाथ मुलांच्या शाळेत मोठ्या मुलांकडून लहानांना शिकवण्याची पद्धत चालवली आणि 1797 मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिलं. आपल्या 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही सोबत्याला शिकवण्याचा लाभ शिकवणाऱ्यालाही होतो, असं शालेय शिक्षणाच्या संदर्भात नमूद केलं आहे. आयआयटी मुंबईत पहिल्या वर्षाच्या मुलांना वरच्या वर्गातले विद्यार्थी मार्गदर्शक म्हणून दिले जातात.

शिरूर-दौंडला यासाठी नवी इमारत लागत नाही, निधी लागत नाही. आठवड्यातला एक तास, एक रिकामा वर्ग आणि लक्ष ठेवणारे एक प्राध्यापक एवढं पुरेसं आहे. वरच्या वर्गातल्या दादा-ताईंना एकच विनंती: वही मिटून शिकवा आणि धाकट्याला मनसोक्त प्रश्न विचारू द्या. जिथे तुम्ही अडाल, तिथूनच तुमचा पुढचा अभ्यास सुरू होईल.