जुन्या सायकलची चमक घरी आणा, क्रोम मात्र घरी चढवू नका

आजोबांच्या काळातली रॅले किंवा हर्क्युलस माळ्यावरून काढून पुन्हा रस्त्यावर आणण्याची हौस अनेकांना असते. अडचण येते ती हँडल, रिम, चिमटा आणि काही सायकलींच्या पूर्ण फ्रेमवरच्या क्रोमची. मग बादली, बॅटरी चार्जर आणि रसायने जमवून घरीच मुलामा देण्याचा घाट घातला जातो. तो टाळलेला बरा.

क्रोम स्वतः गंजत नाही. वरचा चकचकीत थर बहुधा मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही पातळ असतो. त्याखाली निकेलचा जाड थर आणि त्याखाली लोखंड. सूक्ष्म छिद्रांतून ओल लोखंडापर्यंत पोचली की तांबूस ठिपके वर येतात.

पारंपरिक पद्धतीत क्रोमिक अ‍ॅसिडच्या द्रावणात वीज सोडून क्रोम चढवतात. त्यातले क्रोमियम सहा संयुजेचे, म्हणजे 'हेक्झाव्हॅलंट' असते. वीज सुरू होताच हायड्रोजनचे बुडबुडे उठतात आणि फुटताना आम्लाचे तुषार हवेत उडवतात. असे तुषार सतत श्वासात गेल्याने या कामातील कामगारांच्या नाकाच्या पडद्याला भोक पडल्याचे दिसून आले आहे. त्वचेवर खोल, चिवट जखमा होतात, दमाही जडतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने हेक्झाव्हॅलंट क्रोमियमला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले आहे. मुख्य धोका फुफ्फुसाच्या कर्करोगाचा. पोटात गेल्यास मूत्रपिंड निकामी होऊ शकते. कापडी मास्क याला पुरेसा नाही.

गंज काढण्यासाठी वीज वापरणाऱ्यांनीही एक लक्षात ठेवावे. त्यात स्टेनलेस स्टीलचा चमचा किंवा पट्टी जोडली तर स्टीलमधले क्रोमियम पाण्यात उतरते आणि तेच घातक रूप घेऊ शकते.

मग घरी काय करावे? ठिपके असतील, पण पापुद्रे सुटले नसतील, तर स्वयंपाकघरातील अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून हलक्या हाताने घासावा. अ‍ॅल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ असल्याने ओरखडे उठत नाहीत. नंतर भाग धुऊन, पूर्ण कोरडा करून मेण किंवा तेलाचा पातळ हात द्यावा. काम हातमोजे घालूनच करावे. बाथरूमचे अ‍ॅसिड वापरू नये. ते क्रोमचा थरच खाते आणि ब्लीचमध्ये मिसळल्यास विषारी क्लोरीन वायू सुटतो.

पापुद्रे सुटले असतील, तर ते भाग सुटे करून धूर ओढणारी आणि सांडपाण्यावर प्रक्रिया करणारी यंत्रणा असलेल्या प्लेटिंग कारखान्यात द्यावेत.

कोणी आधीच प्रयोग केला असेल, तर उरलेले द्रावण मोरीत ओतू नये. ते त्वचेवर किंवा डोळ्यांत उडाल्यास किमान 15 ते 20 मिनिटे वाहत्या पाण्याने धुवावे आणि लगेच रुग्णालय गाठावे. जाताना रसायनाची बाटली किंवा तिच्या लेबलचा फोटो सोबत न्यावा. उपचार ठरवायला त्याची मोठी मदत होते.